सोनटक्का माजलाय, पण फूल एकही नाही

वैतागलेली माळीण: दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने सोनटक्क्याचा मूठभर कंद दिला. कुंपणाच्या कोपऱ्यात लावला. आता त्याचं असं बेट झालंय की मध्ये हात शिरत नाही. पानं हिरवीगार, पण दोन पावसाळे गेले, फुलाचा पत्ता नाही. सकाळचं तीनेक तास ऊन, मग सावली. पाणी रोज, शेणखत महिन्याला. डोक्याच्या वर गेला की फूटभर छाटते, नाहीतर खिडकी झाकून जाते. उपटून टाकू का?

कुंडीबहाद्दर: शेणखत बंद करा. नुसती पानं पोसताय.

मातीतले हात: खतावर खापर नको, सोनटक्का खादाडच असतो. ताई, छाटता कुठून? शेंड्याकडून?

वैतागलेली माळीण: हो. मोगरा छाटला की कसे फुटवे येतात, तसंच.

मातीतले हात: मग तिथेच घोळ आहे. हा आल्याच्या कुळातला. त्याच्या दांड्याला मोगऱ्यासारख्या फांद्या फुटत नाहीत. नवा दांडा येतो तो थेट कंदातून. एका दांड्याला एकच तुरा, तोही अगदी टोकाला. तुम्ही दोन वर्षं तुरेच छाटताय! कात्री लावायची ती फुलून झालेल्या दांड्याला, बुडापासून. तो पुन्हा फुलत नाही, नुसती गर्दी करतो.

बेट दाटलंय तेही सोडवा, पण आत्ता नको. थंडी सरताना, नवे कोंब यायच्या आत खणा. दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून वरच्या वर लावा, बोटभर माती पुरे. मी एकदा वीतभर खोल पुरले होते, कोंबांची वाट बघून थकलो.

वैतागलेली माळीण: आत्ता टॉर्च घेऊन पाहून आले. भिंतीलगत माझा हात पोचत नाही तिथे एक दांडा सुटलाय. टोकाला हिरवं, फुगीर, एकावर एक खवले बसवल्यासारखं काहीतरी आहे. पान समजत होते मी!

मातीतले हात: तोच तुरा. त्या खवल्यांतून पांढरी फुलं निघतील. एकेक जेमतेम दिवसभर टिकतं, पण मागून नवी येत राहतात.

वैतागलेली माळीण: आणि खिडकी?

मातीतले हात: संध्याकाळी उघडी ठेवा. वास तेव्हा जास्त सुटतो.