रंग गेला, पण गेला कुठे?

टायटेनियम डायऑक्साइड या प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकाच्या पावडरीला ग्राफीन ऑक्साइडची जोड दिली आणि दिवा लावला की पाण्यातल्या मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्याचा रंग तासाभरात उडतो, म्हणजे प्रदूषक नष्ट झालं, असा एक दावा वाचला. रंग उडतो हे मान्य, पुढचं ‘म्हणजे’ तेवढं पटलं नाही. आम्हीही आधी असेच खूश झालो होतो. मग हेच मिश्रण असलेला एक बीकर दिवा न लावता अर्धा तास अंधारात ढवळत ठेवला, तर त्यातलंही पाणी बरंच फिकट झालेलं! सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवल्यावर नळीच्या तळाशी बसलेली पावडर चक्क निळी. रंग तुटला नव्हता, नुसता पावडरीला चिकटला होता. म्हणून आधी अंधारात समतोल येऊ द्यायचा, म्हणजे जेवढा रंग चिकटायचा तेवढा चिकटू द्यायचा, आणि वेळ मोजायची ती दिवा लावल्यापासून.

त्यातही मिथिलीन ब्ल्यू महालबाड. क्षपण झालं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, की त्याचं रंगहीन रूप होतं आणि हवा लागली की ते पुन्हा निळं पडतं. शिवाय दृश्य प्रकाश हा रंग स्वतःच शोषतो, त्यामुळे श्रेय उत्प्रेरकाचं की रंगाचं हे कळत नाही. फिनॉलसारखं रंगहीन प्रदूषक घ्या आणि एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे पाण्यात उरलेल्या सगळ्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन, मोजा. तो आकडा रंगापेक्षा फार सावकाश उतरतो.