डोंगरातल्या ट्रिपला फक्त केबिन बॅग: जमतं, आणि जमवायलाच हवं

वाटसरू:
गेल्या चार ट्रिपा मी फक्त केबिन बॅग घेऊन केल्यात आणि आता ठाम मत झालंय की डोंगरात चालायला जाणाऱ्याने चेक-इन बॅग न्यायचीच नाही. पटणार नाही बऱ्याच जणांना, म्हणून धागा काढतोय.

आधी कारण सांगतो. त्या चारांच्या आधीची ट्रिप आठ दिवसांची होती. मोठी डफल बॅग चेक-इन केली, मधे विमान बदलायचं होतं, उतरून सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहिलो, सगळ्यांच्या बॅगा आल्या, पट्टा थोडा वेळ रिकामाच फिरला आणि मग बंद झाला. माझी बॅग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विमानतळावर पोचली, तोवर मी वर होतो, कारण ग्रुप दुसऱ्या दिवशी सकाळीच निघणार होता. दोन वर्षं वापरून पायाला बसलेले बूट त्या बॅगेत. नवे घेतले, दुसरा इलाजच नव्हता, आणि चालण्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोजा काढला तर टाचेची कातडी मोज्याबरोबर आली. पुढचे सगळे दिवस टाचेला टेप गुंडाळून चाललो. इतक्या लांब जाऊन डोंगर बघितलाच नाही, खाली बघत पाय टाकत राहिलो फक्त.

तेव्हापासून हिशोब सोपा केलाय. केबिनला साधारण ७ ते १० किलो आणि ५५ बाय ४० बाय २० सेंमीच्या आसपास मिळतं, एअरलाइनप्रमाणे थोडं इकडेतिकडे, मी ७ धरूनच भरतो. बूट पायात, रेन जॅकेट अंगावर, म्हणजे दोन जड गोष्टी वजनकाट्यावर जातच नाहीत. आत काय तर एक पातळ पिसांचं जॅकेट, थर्मलचा एक जोड, दोन टीशर्ट, एक जास्तीची पॅंट, रेन पॅंट, तीन जोड मोजे, हातमोजे, कानटोपी, हेडटॉर्च, औषधं, पॉवरबँक, हलक्या चपला आणि कॅमेरा. कॉटन काहीच नाही, कारण ते भिजलं की वाळता वाळत नाही आणि ओलं असताना अंगातली ऊब ओढून घेतं. मेरिनो लोकरीचा टीशर्ट तीन तीन दिवस घातला तरी वास मारत नाही. शांपूच्या बाटलीऐवजी साबणाची वडी, म्हणजे केबिनमधल्या द्रवाच्या १०० मिलीच्या मर्यादेची भानगडच नको. काठ्या आणि स्लीपिंग बॅग तिथे भाड्याने.

माझं म्हणणं एवढंच की आपण जे जास्तीचं भरतो त्यातलं निम्मं भीतीपोटी भरतो, आणि ती भीती मग आठ दिवस पाठीवर वाहतो.

दोरावर:
साफ असहमत. तुम्ही शीर्षकात डोंगरातली ट्रिप म्हणताय आणि वर्णन करताय वाटेवरून चालायच्या ट्रिपचं. बर्फात किंवा कड्यावर जाणाऱ्या माणसाला हे जमूच शकत नाही. आइस अॅक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, केबिनमध्ये कुणी नेऊ देणार नाही. चाकू नाही. टेंटच्या खुंट्यांवर सिक्युरिटीवाला हमखास अडवतो. ट्रेकिंगच्या काठ्या एका ठिकाणी सोडतात, दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवायला लावतात, ते त्या वेळी काउंटरवर कोण बसलाय त्यावर आहे.

भाड्याने घ्या म्हणणं सोपं आहे हो. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात चालायला बुटाखाली लावायचे काटे, कधी भाड्याने घेऊन बघितलेत? खटकन बसणाऱ्या क्रॅम्पॉनला बुटाला पुढे आणि टाचेला खाच लागते आणि तळवा कडक लागतो. मऊ तळव्याच्या बुटाला ते बसत नाहीत, पट्ट्यांचे कसेबसे बसतात आणि चुकीच्या मापाचे असले तर उतारावर सुटतात. बर्फाच्या उतारावर एका पायाचा क्रॅम्पॉन सुटणं म्हणजे काय ते ज्याने अनुभवलंय त्याला विचारा. हार्नेस, म्हणजे दोराला जोडायचा कमरेचा पट्टा, तर मी कधीच दुसऱ्याचा वापरणार नाही. तो किती वर्षं उन्हात पडला होता, कुणी त्यावर किती वेळा पडलंय, त्याला कुठली केमिकल लागलीत, हे नुसतं बघून कळत नाही. जिथे जीव टांगायचा ती वस्तू माझीच पाहिजे, आणि त्यासाठी चेक-इन बॅग लागणार असेल तर लागू दे.

सावकाश_चढ:
मी धागाकर्त्याच्या बाजूने. वय ५८, दोन्ही गुडघे कुरकुरतात. १४ किलोची सॅक घेऊन उतरताना जे होतं ते ६ किलोला होत नाही, आणि माझ्यासाठी प्रश्न आता आरामाचा उरला नसून जायचं की नाही असा आहे. ओझं कमी केलं म्हणून आजही जातेय.

आणि हलकं जाणं म्हणजे आजकालचं फॅड आहे असं कुणी म्हणू नये. एमा गेटवूड या बाईंनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली अॅपलाशियन ट्रेल ही लांबलचक पायवाट एकटीने चालून पूर्ण केली, तीन हजार किलोमीटरच्या वर. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची थैली, त्यात एक ब्लँकेट आणि पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. ना टेंट ना स्लीपिंग बॅग. मला जेव्हा जेव्हा वाटतं की अजून एक स्वेटर टाकूया, तेव्हा मी त्या बाईंची आठवण काढते.

थंड_कडा:
ताई, गेटवूडबाईंबद्दल मलाही फार आदर आहे, पण गोष्ट पूर्ण सांगूया. त्यांचा पहिला प्रयत्न १९५४ चा. त्यात त्या वाट चुकल्या, चष्मा फुटला, शेवटी रेंजर लोकांनी शोधून घरी जायला सांगितलं. आणि १९५५ मध्ये वाटेत अनेक रात्री त्यांना लोकांनी घरात झोपायला जागा दिली. त्यांच्या थैलीत जे नव्हतं ते कुणाच्या तरी घरात होतं. ती सोय प्रत्येक डोंगरात नसते.

मला या केबिन बॅगवाल्या प्रकाराबद्दल जरा रागच आहे आणि का ते सांगते. आमच्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये एक मित्र असाच सहा किलोत आला होता, अभिमानाने सगळ्यांना सॅक उचलून दाखवायचा. चौथ्या दिवशी खिंडीच्या अलीकडे पाऊस लागला, बर्फ नाही, साधा पाऊस आणि वारा. तापमान चार-पाच अंश असेल. त्याचं रेन जॅकेट पातळ होतं, खांद्यावर जिथे सॅकचा पट्टा घासतो तिथून पाणी आत गेलं. आतला टीशर्ट भिजला, दुसरा टीशर्ट आदल्या दिवशी धुतलेला, सॅकला बाहेर लटकवलेला, तो भिजलेलाच. पिसांचं जॅकेट काढेपर्यंत ते पण ओलं झालं, आणि ओली पिसं म्हणजे नुसता गोळा, ऊब शून्य. मी मागे वळून बघितलं तेव्हा तो सॅकची चेन ओढत होता आणि बोटं चेनच्या टोकावरून घसरत होती. पुन्हा पुन्हा. मी काय झालं विचारलं तर उत्तर नीट येईना, शब्द जड झालेले. अंगात थंडी भरायला शून्याच्या खालचं तापमान लागत नाही हे मी वाचलं होतं, त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. आम्ही तिथेच टेंट टाकला, त्याचे कपडे काढले, माझा थर्मल आणि दुसऱ्या मित्राचं सिंथेटिक जॅकेट घातलं, स्लीपिंग बॅगेत घालून गरम पाणी पाजलं. तासाभराने नीट बोलायला लागला.

म्हणजे त्याचं ओझं हलकं होतं कारण त्याचे कोरडे कपडे आमच्या सॅकमध्ये होते, फक्त आम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही जे भीतीपोटी भरलेलं म्हणताय ना, त्या दिवशी तेच उपयोगाला आलं.

वाटसरू:
वाचून पोटात गोळा आला. तो सावरला हे वाचेपर्यंत श्वास रोखून धरला होता.

पण मला प्रामाणिकपणे वाटतं की हा दोष केबिन बॅगेचा नाही. २० किलोची सॅक असती आणि सगळं तसंच बाहेर लटकवलेलं असतं तरी तेच झालं असतं. थर्मलचा जोड आणि एक जोड मोजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तोंड गुंडाळून बांधायचे, आणि ते चालताना कधीच घालायचे नाहीत, कितीही थंडी वाजली तरी नाही, ते फक्त झोपताना किंवा अशा प्रसंगाला. हे सगळं अर्ध्या किलोच्या आत बसतं. तुमच्या मित्राकडे वजनाची जागा होती हो, शिस्त नव्हती.

दोरावर, तुमचा मुद्दा मान्य. दोर, बर्फ, टेंट असं असेल तर माझं म्हणणं मागे घेतो. पण डोंगरात जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण मळलेल्या वाटेनेच जातात, रात्री छपराखाली झोपतात, आणि तेच लोक २३ किलोच्या बॅगा ओढत आणतात. मी त्यांच्याशी बोलतोय.

चौघांचं_बिऱ्हाड:
आम्ही दोघं आणि दोन मुलं, सात आणि चार वर्षांची. फक्त केबिन बॅग हा सल्ला एकट्या धडधाकट माणसाचा आहे. धाकटा दिवसातून दोनदा ओला होणार हे गृहीतच असतं, त्याला तीन टीशर्टचा हिशोब शिकवू का? वर मुलांच्या बॅगा शेवटी आमच्याच खांद्यावर येतात. आम्ही एक मोठी बॅग चेक-इन करतो आणि प्रत्येकाचा एक पूर्ण जोड केबिनमध्ये ठेवतो. मला दम्याचा त्रास आहे त्यामुळे इनहेलर आणि औषधं कायम हाताशी. बाय द वे, औषधाची बाटली १०० मिलीच्या वर असली तरी सहसा चालते, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि तपासणीच्या वेळी स्वतःहून दाखवा.

नकाशा_घडी:
दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटतं वाद चुकीच्या जागी अडकलाय. बॅगा एक की दोन यापेक्षा कुठली वस्तू कुठल्या बॅगेत, हे जास्त महत्त्वाचं.

आधी एक गोष्ट जी इथे कुणी लिहिली नाही. केबिन बॅग तुमच्याजवळच राहील याची खात्री नसते. विमान भरलं की गेटवर बॅग मागून घेतात आणि खाली सामानाच्या कप्प्यात टाकतात. डोंगरातल्या छोट्या धावपट्टीवर जाणारं लहान विमान असेल तर कित्येकदा सगळं सामान एकत्र तोललं जातं, केबिन वेगळी अशी नसतेच. त्यामुळे केबिन बॅगेतसुद्धा एक छोटी थैली अशी हवी जी झटकन काढून हातात घेता येईल. त्यात औषधं, कागदपत्रं, चष्मा आणि पॉवरबँक. पॉवरबँक तर कुठल्याही परिस्थितीत खाली जायला नको, लिथियमची सुटी बॅटरी सामानाच्या कप्प्यात पेटली तर तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. बॅटरीची क्षमता १०० वॉट-तासांपर्यंत असली तर सहसा परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची ७४ वॉट-तासांच्या आसपास येते, म्हणजे बसते. स्टोव्हचा गॅसचा डबा मात्र ना केबिनमध्ये ना खाली, तो तिथेच घ्यायचा, मग तुमच्याकडे कितीही बॅगा असोत.

ज्यांना चेक-इन करावीच लागते त्यांनी बूट पायात, रेन जॅकेट आणि एक गरम थर हातात एवढं तरी करावं, मग धागाकर्त्याच्या टाचेचं जे झालं ते होणार नाही. आणि बॅग उशिरा आली तर विमानतळ सोडायच्या आत लेखी तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या, गरजेपुरतं जे विकत घ्याल त्याच्या पावत्या ठेवा. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, त्यात उशिरा आलेल्या बॅगेचा दावा ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी करावा लागतो, मोडतोड झाली असेल तर ७ दिवसांत. बरेच जण घरी येऊन कपडे धुऊन मग बघू म्हणतात आणि मुदत निघून जाते.

दोरावर:
हे पटलं. माझी पद्धत जवळजवळ हीच, धातूचं सगळं खाली, हार्नेस, दोर आणि बूट माझ्याबरोबर. हेल्मेट सॅकला बाहेरून अडकवतो.

थंड_कडा:
वाटसरू, शिस्त म्हणालात ते बरोबर आहे, पण शिस्त दमलेल्या माणसाकडून पाळली जात नाही. तिसऱ्या दिवशी टीशर्ट ओला असतो, थंडी वाजते, आणि मग ती राखून ठेवलेली पिशवी उघडली जाते. कमी सामानात चुकायला जागाच उरत नाही, माझा आक्षेप तिथे आहे. शिवाय पिसांच्या जॅकेटऐवजी सिंथेटिक घ्या, थोडं जड आहे पण ओलं झालं तरी काहीतरी ऊब धरतं. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, खालच्या गावातल्या उन्हात बसून बॅग भरताना ते ध्यानात राहत नाही.

एक करा. सिंथेटिक जॅकेट आणि तो बांधलेला कोरडा जोड धरून बॅग आज भरा आणि खरं वजन इथे टाका. ७ च्या आत बसलं तर मी माझं मत बदलायला तयार आहे.

वाटसरू:
आत्ताच भरून बघितली. ७ किलो ३५०.

कॅमेऱ्याची दुसरी लेन्स काढली, ६ किलो ८००. ती लेन्स सोडायला जीव होत नाहीये, गेल्या चारही ट्रिपांना बरोबर होती.

थंड_कडा:
कोरडा जोड आतच आहे ना?

वाटसरू:
आतच. पिशवी गुंडाळून बांधलीय आणि सगळ्यात तळाशी घातलीय, म्हणजे सहज हात जायला नको. लेन्स कपाटात ठेवली.