उभं राहणं वेगळं, गायला लावणं वेगळं

शाळेतल्या हक्कांच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की पोराला सरकारी शाळेत घातलंय ना, मग शाळा सांगेल ते गुमान करायचं, हक्कबिक्क काही नसतात. नाही हो, असं नसतं. केरळातली बिजो इमॅन्युएल केस बघा, १९८६ ची. तीन भावंडं राष्ट्रगीताला नीट उभी राहायची पण गायची नाहीत, त्यांच्या पंथात चालत नाही म्हणून, तर शाळेने काढूनच टाकलं. हायकोर्टात हरली, सुप्रीम कोर्टाने मात्र परत घ्यायला लावलं, संविधानाच्या कलम १९ (अभिव्यक्ती स्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) खाली. आणि कलम २८ तर सरळ सांगतं की पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही, अनुदानित असेल तर पालकांची संमती लागते.

पण शिक्षकांच्या हक्काचं कोणीच बोलत नाहीये राव. माझी बायको मुंबईतच एका सरकारी शाळेत आहे, बीएलओची (म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायची) ड्यूटी लागली की संध्याकाळी परळच्या चाळींचे जिने चढउतार, घरी आली की जेवायच्या टेबलावर फॉर्मचे गठ्ठे आणि बाजूला चौथीच्या वह्या तशाच, न तपासलेल्या. आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम २७ म्हणतं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी कामं लावू नका, पण या तिनातच सगळं आलं की! मतदार यादीचं काम सुट्टीच्या दिवशी, शिकवणं नसेल तेव्हाच द्या, असं सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सांगितलंय. परवा तिने हे हेडबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मलाही लागलीये."