मदत हवी आहे: वॉक्सहॅचीच्या कोर्टावरचे चेहरे कोणी कोरले?

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी टेक्ससमधल्या वॉक्सहॅची गावातल्या एलिस काउंटी कोर्टहाउसवर लेख लिहितेय. १८९७ साली पूर्ण झालेली, वास्तुविशारद जेम्स रायली गॉर्डन यांची रोमनेस्क (जाड दगडी भिंती, अर्धगोल कमानी) धाटणीची इमारत. गुलाबी ग्रॅनाइट, लाल वालुकाश्म, मधोमध उंच मनोरा. वास्तूचा भाग लिहून झालाय. अडलंय ते प्रवेशद्वारांच्या खांबांवरच्या चेहऱ्यांपाशी. कुठे शांत, गोड मुलगी, तर कुठे दात विचकलेला राक्षसच! गावात सांगतात, कारागीर घरमालकिणीच्या मुलीवर भाळला, तिनं नकार दिला आणि चेहरे बिघडत गेले. कथा मनाला भिडते, पण एका खऱ्या मुलीबद्दल पुराव्याशिवाय छापणं मला पटत नाही.

दोन शनिवार जाऊन खांब न् खांब पाहिला, फोटो काढले. ऑनलाइनही शोधलं; सगळीकडे तीच गोष्ट, कागद कुठेच नाही. नोकरीमुळे आठवड्यात रजा मिळत नाही, फोन-ईमेल जमेल. अंक महिन्याभरात छापायला जातो.

टेक्ससमधल्या काउंटीचं जुनं दप्तर कोणी चाळलंय का? कोरीवकामाचे पैसे कोणाला दिले, ही नोंद कमिशनर्स कोर्टाच्या (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या) इतिवृत्तात सापडते, की कंत्राटदाराच्या हिशेबातच शोधावी लागते?