पक्ष फुटला म्हणून तिसरा पक्ष वाढतो का? ब्रिटन, १९१६ ते १९२४

प्रश्न
ब्रिटनच्या उदारमतवादी पक्षाने १९०६ साली सुमारे चारशे जागा जिंकल्या होत्या. १९२४ मध्ये त्याच्याकडे ४० उरल्या. याच अठरा वर्षांत २९ जागांचा मजूर पक्ष सत्तेपर्यंत पोहोचला. डिसेंबर १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ यांच्या जागी त्यांच्याच पक्षाचे लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि पक्ष दुभंगला, हे सर्वज्ञात आहे. मजूर पक्षाच्या वाढीचे श्रेय या फुटीलाच द्यावे का?

प्रतिसाद १
बऱ्याच अंशी द्यावे लागेल. १९१८ च्या निवडणुकीत लॉइड जॉर्ज आणि हुजूर पक्षाचे नेते बोनार लॉ यांच्या सहीचे पाठिंबापत्र त्यांच्या आघाडीच्या निवडक उमेदवारांना देण्यात आले. युद्धकाळातील शिधापत्रिकांची आठवण ठेवून अ‍ॅस्क्विथ यांनी त्याला ‘कूपन’ म्हटले. ज्या उदारमतवाद्यांना ते मिळाले नाही, त्यांची धूळधाण झाली आणि खुद्द अ‍ॅस्क्विथ ईस्ट फाइफमध्ये पडले. एकाच पक्षाचे दोन गट एकमेकांचे उमेदवार पाडू लागले, की स्थानिक कार्यकर्ता कोणासाठी दारोदार फिरणार?

प्रतिसाद २
वरील वर्णन अचूक आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. फुटीने जागा रिकामी झाली. ती भरणारा पक्ष मात्र आधीपासून उभा होता. १९१३ च्या कायद्याने कामगार संघटनांना राजकीय निधी उभारण्याची मुभा दिली होती आणि १९१८ मध्ये नवी घटना स्वीकारून मजूर पक्षाने मतदारसंघांत वैयक्तिक सभासद नोंदवायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या मताधिकार कायद्याने मतदारांची संख्या सुमारे ८० लाखांवरून दोन कोटींच्या पुढे नेली, आणि या नव्या मतदारांपैकी असंख्य कामगारांचे उदारमतवादी पक्षाशी जुने नाते नव्हतेच. शिवाय (हे सहसा विसरले जाते) १९०३ च्या गुप्त समझोत्याने काही मतदारसंघ मजूर उमेदवारांना उदारमतवाद्यांनीच मोकळे करून दिले होते.

अमेरिकेतील १९१२ ची निवडणूक शेजारी ठेवून पाहावी. रिपब्लिकन पक्षातून फुटलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी सुमारे २७ टक्के मते घेऊन अधिकृत उमेदवार टाफ्ट यांना मागे टाकले, परंतु फायदा झाला तो डेमोक्रॅट विल्सन यांचा. चार वर्षांनी रूझवेल्ट यांनी उमेदवारी नाकारून रिपब्लिकनांच्या ह्यूज यांना पाठिंबा दिला आणि त्यांचा नवा पक्ष विरून गेला, कारण तो एका नेत्याभोवती उभा होता.

प्रतिसाद ३
मते कोठे आहेत, हाही मुद्दा आहे. १९८३ मध्ये मजूर पक्षातून फुटलेल्यांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आणि उदारमतवादी यांच्या आघाडीला २५.४ टक्के मते मिळूनही जागा २३ च मिळाल्या. मजूर पक्षाला २७.६ टक्के मतांवर २०९ मिळाल्या. आघाडीची मते देशभर विखुरलेली होती, मजूर पक्षाची खाणपट्ट्यांत आणि औद्योगिक शहरांत एकवटलेली होती.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग वेळीच एकत्र येऊन उदारमतवादी पक्ष सावरला असता का?

प्रतिसाद २
ते १९२३ मध्ये मुक्त व्यापाराच्या रक्षणासाठी एकत्र आलेही आणि दीडशेहून अधिक जागा मिळवल्या, पण मजूर पक्षाकडे तेव्हा १९१ होत्या. जानेवारी १९२४ मध्ये उदारमतवाद्यांच्याच पाठिंब्यावर मजूर पक्षाचे रॅम्से मॅकडोनल्ड पंतप्रधान झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अ‍ॅस्क्विथ पेझली येथे पुन्हा हरले, आणि या वेळी त्यांना हरवणारा उमेदवार मजूर पक्षाचा होता.