मदत हवी आहे: डांगोटे रिफायनरी आणि नायजेरियातली पेट्रोल आयात

अभ्यासगटात या वादावर बोलायचं आहे आणि आकड्यांवर अडलोय. लेगोसजवळच्या या खासगी रिफायनरीची क्षमता दिवसाला ६,५०,००० बॅरल. सप्टेंबर २०२४ पासून तिचं पेट्रोल बाजारात आहे. रिफायनरीचे मालक अलिको डांगोटेंचा सवाल, मग आयातीचे परवाने कशाला? विरोधक म्हणतात, आयात थांबली तर सगळा बाजार एकाच्या मुठीत. (सरकारी तेल कंपनी एनएनपीसीचाही या रिफायनरीत वाटा आहे, म्हणजे पंच आणि खेळाडू एकाच घरचे!)

मे २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी इंधन अनुदान काढलं, ऑक्टोबर २०२४ पासून रिफायनरीला कच्चं तेल नायरात (नायजेरियाच्या चलनात) देणं सुरू झालं, हे वाचून झालंय. दोन्ही बाजूंची निवेदनंही चाळली. पण जो तो सोयीचा दर सांगतो: कुणी डेपोवरचा (घाऊक), कुणी पंपावरचा, कुणी जहाज बंदराला लागतानाचा. त्यामुळे स्वस्त कोण, हेच ठरत नाही.

भारताशी तुलना नको. इंग्रजी स्रोत चालतील, पण विकतचे अहवाल परवडणार नाहीत.

आयात पेट्रोलचा बंदरापर्यंतचा खर्च आणि डांगोटेंचा डेपोदर, एकाच तारखेचे आणि नायरात, कुठे मिळतील? आणि त्यात कोणते कर, शुल्क धरलेले असतात?