मूग अहमदाबादला आला तेव्हा

देशोदेशीच्या इलेक्ट्रॉनिक कलाकारांची देवाणघेवाण इंटरनेटमुळे सुरू झाली, असं म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्याकडच्या संगीतकार गीता साराभाई अमेरिकी संगीतकार जॉन केजकडे पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या, आणि फीऐवजी त्याला आपलं संगीत शिकवत होत्या! पुढे १९६९ मध्ये केजचाच सहकारी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यानं अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये) मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, बसवून दिला. वायरींचं नुसतं जंजाळ. या खोबणीतून त्या खोबणीत वायर खुपसल्याशिवाय आवाजच नाही. त्यावर गीताबेन, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा वगैरेंनी केलेल्या टेपा कित्येक वर्षं संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलाकार पॉल पुर्गस यांनी त्या हुडकल्या, २०२३ मध्ये बाहेर आल्या. बीटवर सतारीचा तुकडा चिकटवला की झालं फ्यूजन, असं मानणाऱ्यांनी तर ऐकाच. हेडफोन लावून, रात्री.